'मे प्रॉबेब्ली' आणि 'कान्ट रिअली': सात वाक्यांच्या एका मेलचा प्रकरण अभ्यास

सॉफ्टवेअर सपोर्ट टीममधल्या एका कोऑर्डिनेटरला ग्राहकाला सात गोष्टी कळवायच्या होत्या. अपडेट शुक्रवारपर्यंत बहुतेक तयार होईल. टेस्टिंग कोणत्याही परिस्थितीत टाळता येणार नाही. इन्स्टॉलेशन दोन दिवसांत आरामात उरकेल. प्रत्येक पॅचनंतर सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही. चेकलिस्ट एव्हाना पोचली असेल. लॉग फाइल्स शक्यतो आजच पाठवाव्यात. आणि काम वेळेत संपेल. मनात सगळं स्वच्छ होतं. मेल गेला तो असा:

"द अपडेट मे प्रॉबेब्ली बी रेडी बाय फ्रायडे. वुई कान्ट रिअली स्किप द टेस्टिंग. द इन्स्टॉलेशन कुड ईझिली टेक टू डेज. यू मस्ट नॉट ऑल्वेज रीस्टार्ट द सर्व्हर आफ्टर अ पॅच. यू मस्ट शुअरली हॅव रिसीव्ड द चेकलिस्ट. पॉसिब्ली सेंड अस द लॉग फाइल्स टुडे. वुई विल डेफिनेटली ट्राय टु फिनिश ऑन टाइम."

ग्राहकाचं उत्तर आलं. शुक्रवार धरायचा की नाही ते एकदा स्पष्ट सांगा. टेस्टिंग अगदीच अनिवार्य नसेल, तर जुन्या डिव्हाइसवरचं गाळा आणि वेळ वाचवा. इन्स्टॉलेशनला दोन-दोन दिवस कशासाठी? आमच्या सर्व्हरवाल्यांना रीस्टार्टची मनाई का केली आहे? चेकलिस्ट आम्हाला मिळालेली नाही, आणि मिळाली असती तर कळवलं असतं. लॉग फाइल्सचा उत्तरात उल्लेखच नव्हता. ती विनंती आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

यातला एकही घोटाळा स्पेलिंगचा नाही. काळ, वचन, कर्ता-क्रियापदाचा मेळ सगळीकडे ठीक आहे. सहावं वाक्य सोडलं तर ग्रामर तपासणारं सॉफ्टवेअरही बहुधा कुठे लाल रेघ मारणार नाही. बिघाड आहे तो मोडल क्रियापद (म्हणजे शक्यता, सक्ती, खात्री दाखवणारं 'मे', 'कुड', 'मस्ट', 'विल' यांसारखं सहायक क्रियापद) आणि त्याला चिकटलेलं क्रियाविशेषण यांच्या जोडीत. इंग्रजीत ही जोडी एकत्र वाचली जाते. मोडल किती जोर लावतं, क्रियाविशेषण तोच जोर लावतं का, आणि वाक्यात 'नॉट' असेल तर क्रियाविशेषण त्याच्या कोणत्या बाजूला बसलं आहे, या तीन गोष्टींवर वाक्याचा अर्थ ठरतो. मेलमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य यांपैकी एका ठिकाणी घसरलं आहे.

शुक्रवार धरायचा की नाही

'मे' म्हणजे शक्यता आहे, होईल किंवा होणारही नाही. 'प्रॉबेब्ली' म्हणजे न होण्यापेक्षा होण्याकडे कल जास्त. दोन्ही एका वाक्यात आले की वाचकाला दोन वेगवेगळे अंदाज मिळतात आणि कोणता धरावा ते कळत नाही. ग्राहकाचा पहिला प्रश्न इथूनच आला.

मोडलची एक ढोबळ उतरंड मनात ठेवावी. अंदाजाच्या अर्थाने 'माइट' सगळ्यांत कमजोर, मग 'मे' आणि 'कुड', त्यावर 'शुड', आणि सगळ्यांत वर 'विल' आणि 'मस्ट'. क्रियाविशेषणांचीही अशीच उतरंड आहे: खाली 'पॉसिब्ली' आणि 'परहॅप्स', मध्ये 'प्रॉबेब्ली', वर 'शुअरली', 'सर्टनली', 'डेफिनेटली'. समान उंचीवरचे दोन शब्द एकत्र आले की वाक्य सुखाने वाचलं जातं: 'मे पॉसिब्ली', 'मस्ट शुअरली', 'विल सर्टनली'. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये अशा जोड्यांना 'हार्मोनिक', म्हणजे सुसंवादी, म्हटलं. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की सुसंवादी जोडीत दोन शब्दांचा हिशेब वेगवेगळा होत नाही. 'मे पॉसिब्ली' म्हणजे शक्यतेचीही शक्यता असा दुहेरी अर्थ निघत नाही. शक्यता एकच, ती फक्त दोनदा सांगितली जाते. वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे शब्द जोडले की मात्र वाचक दोन्ही स्वतंत्रपणे मोजू लागतो.

'विल' मात्र या नियमात थोडं सैल आहे. ते नुसता भविष्यकाळही दाखवतं, म्हणून मधली पायरीही त्याला चालते: 'विल प्रॉबेब्ली', 'विल सर्टनली'. 'बहुतेक होईल' म्हणायचं असेल तर 'विल प्रॉबेब्ली' हीच जोडी घ्यावी. 'मे' ठेवायचंच असेल आणि तरी कल होण्याकडे दाखवायचा असेल, तर त्यासाठी इंग्रजीत तयार जोडी आहे: 'मे वेल'. 'द अपडेट मे वेल बी रेडी बाय फ्रायडे' यात शक्यता बरीच आहे, पण वचन नाही. या 'वेल'चा 'चांगलं'शी काही संबंध उरलेला नाही, त्यामुळे शब्दशः भाषांतर करून त्याचा अर्थ लावू नये.

ही चूक मराठी भाषकांकडून इतक्या सहज का होते, याचं कारण आपल्या क्रियापदात आहे. 'कदाचित होईल', 'बहुतेक होईल', 'नक्की होईल' या तिन्हींत 'होईल' जसंच्या तसं राहतं आणि खात्रीचा सगळा भार क्रियाविशेषण उचलतं. इंग्रजीत क्रियापदाच्या आधीच मोडल येऊन आपलं वजन टाकतं. 'होईल'साठी मनात एकदा 'मे' बसलं, की त्याच्या शेजारी 'प्रॉबेब्ली' ठेवताना काहीच खटकत नाही.

जागेचाही नियम इथेच पाहू. असं क्रियाविशेषण पहिल्या सहायक क्रियापदानंतर येतं: 'विल प्रॉबेब्ली बी रेडी'. सहायक क्रियापदं दोन-तीन असली तरी जागा पहिल्यानंतरचीच: 'विल प्रॉबेब्ली हॅव बीन टेस्टेड'. कसं केलं हे सांगणारं क्रियाविशेषण मात्र मुख्य क्रियापदाला लागून बसतं, म्हणून दोन्ही असतील तर ती अशी विखुरतात: 'इट विल प्रॉबेब्ली हॅव बीन थरोली टेस्टेड बाय देन'. नकाराचं आकुंचित रूप आलं की जागा बदलते. तिथे 'प्रॉबेब्ली' पुढे सरकतं: 'इट प्रॉबेब्ली वोन्ट बी रेडी'. 'इट वोन्ट प्रॉबेब्ली बी रेडी' समजतं, पण कानाला परकं लागतं. 'नॉट' सुटं लिहिलं तर 'विल प्रॉबेब्ली नॉट' बरोबर.

टेस्टिंग गाळा, असं ग्राहक का म्हणाला

सगळ्यांत महाग पडलेलं वाक्य हेच. कोऑर्डिनेटरला म्हणायचं होतं, 'टेस्टिंग खरंच टाळता येणार नाही'. लिहिलं गेलं 'वुई कान्ट रिअली स्किप द टेस्टिंग'. त्याचा अर्थ होतो, 'टेस्टिंग टाळणं तसं काही बरं दिसत नाही'. नकार मऊ झाला आणि ग्राहकाला घासाघीस करायला जागा मिळाली.

'नॉट'च्या नंतर आलेला शब्द त्याच्या ताब्यात जातो आणि आधी आलेला शब्द बाहेर राहून पूर्ण नकाराला जोर देतो. 'कान्ट रिअली' मध्ये 'नॉट' हे 'रिअली'लाच नाकारतं, म्हणून उरतं 'अगदी तसं नाही'. 'रिअली कान्ट' मध्ये 'रिअली' बाहेर आहे, म्हणून अर्थ 'खरोखरच शक्य नाही'. 'आय डोन्ट रिअली नो' म्हणजे नीटसं माहीत नाही, आणि 'आय रिअली डोन्ट नो' म्हणजे अजिबात माहीत नाही. तोच हिशेब इथेही लागू होतो.

हा फरक एकट्या 'रिअली'पुरता नाही. 'वुई सिंपली कान्ट स्किप इट' म्हणजे साफ अशक्य. 'वुई कान्ट सिंपली स्किप इट' म्हणजे असं सरसकट गाळून चालणार नाही, काही वेगळी व्यवस्था केली तर बघू. 'जस्ट' अगदी असाच वागतो. 'वुई डेफिनेटली कान्ट से' मध्ये न सांगण्याची खात्री आहे, तर 'वुई कान्ट डेफिनेटली से' मध्ये खात्रीने सांगण्याची असमर्थता आहे. ग्राहकाला दुसरं कळवायचं असताना पहिलं गेलं, तर माहिती दडवल्याचा संशय येतो. काही क्रियाविशेषणांना मात्र अशी निवड नसते. 'प्रॉबेब्ली' नकाराच्या बाहेरच राहतं. 'नेसेसरिली' सहसा आतच असतं: 'अ डिले मे नॉट नेसेसरिली मीन अ प्रॉब्लेम', उशीर झाला म्हणजे बिघाड असेलच असं नाही.

मेल पाठवण्याआधी एकच तपासणी करायला वेळ असेल, तर नकारार्थी वाक्यांत क्रियाविशेषण कुठे बसलं आहे ते पाहावं. होकारार्थी वाक्यात जागा चुकली तर वाक्य फक्त अवघडल्यासारखं वाटतं. नकारात जागा चुकली तर आपण नेमकं भलतंच काही कबूल करून बसतो.

'सहज'चे दोन अर्थ

तिसऱ्या वाक्यात 'कुड ईझिली टेक टू डेज' लिहिलं. मनात होतं 'दोन दिवसांत सहज होईल'. पोचलं 'सहज दोन दिवस लागतील'. मराठीतही वाक्याची रचना बदलली की 'सहज' असंच उलटतं, म्हणून ही चूक एकदा दाखवली की लगेच पटते.

इंग्रजीत 'ईझिली' दोन कामं करतं. कर्त्याला ते काम विनासायास जमतं, हे एक: 'वुई कॅन ईझिली इन्स्टॉल इट'. दुसरं म्हणजे अनिष्ट गोष्ट घडण्याची बरीच शक्यता आहे असा इशारा. कर्ता निर्जीव असेल, मोडल 'कुड' असेल आणि क्रियापद 'टेक', 'कॉस्ट', 'फेल', 'गो राँग' यांपैकी असेल, तर वाचक जवळजवळ नेहमी दुसरा अर्थ घेतो. 'द डिस्क कुड ईझिली फेल' वाचून डिस्क बंद पडणं सोपं आहे असं कोणी समजत नाही. दिलासा द्यायचा असेल तर 'कुड'च्या जागी 'कॅन' घ्यावं, क्रियापद 'डू' किंवा 'फिनिश' घ्यावं आणि मुदतीपूर्वी 'इन' किंवा 'विदिन' लावावं: 'द इन्स्टॉलेशन कॅन ईझिली बी डन इन टू डेज'. तीन छोटे बदल आहेत, पण तिन्ही एकत्र हवेत. 'कॅन ईझिली टेक टू डेज' एवढाच बदल केला तर इशारा तसाच राहतो.

उरलेली चार

रीस्टार्टचं वाक्य लवकर सुटतं. 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. त्यात 'ऑल्वेज' घातलं तरी मनाई हटत नाही, उलट 'दर वेळी रीस्टार्ट करत जाऊ नका' अशी ताकीद निघते. 'गरज नाही' यासाठी 'मस्ट'चा नकार चालतच नाही. तिथे 'नीड नॉट ऑल्वेज' किंवा रोजच्या बोलण्यातलं 'डोन्ट ऑल्वेज हॅव टु' घ्यावं. 'ऑल्वेज'च्या शेजारी 'मस्ट' फक्त होकारार्थी ठेवावं: 'यू मस्ट ऑल्वेज टेक अ बॅकअप फर्स्ट'.

चेकलिस्टच्या वाक्यात जोडी सुसंवादी आहे, 'मस्ट शुअरली', व्याकरणही नीट आहे. चुकला तो सूर. 'शुअरली' ऐकणाऱ्याकडून होकार मागतं आणि होकार मिळाला नाही तर आश्चर्य वाटेल असंही सुचवतं. 'तुम्हाला मिळालीच असणार की' असा टोमणा त्यात ऐकू येतो. 'सर्टनली' तसा होकार मागत नाही, पण चेकलिस्ट पोचल्याची खात्री लिहिणाऱ्याकडे नसेल तर तेही जड पडतं. इथे क्रियाविशेषण काढून टाकणं हाच उपाय: 'यू शुड हॅव रिसीव्ड द चेकलिस्ट बाय नाऊ'. 'शुड हॅव' वापरताना क्रियापद पाहून घ्यावं. 'रिसीव्ह' होणं ग्राहकाच्या हातात नाही, म्हणून वाक्य अपेक्षेवरच थांबतं. तिथे 'यू शुड हॅव रेड द चेकलिस्ट' लिहिलं की तो ठपका होतो, कारण वाचणं त्याच्या हातात होतं.

'पॉसिब्ली सेंड' ही सरळ चूक आहे. आज्ञार्थी क्रियापद शक्यतेचं क्रियाविशेषण घेत नाही. आपल्या 'शक्यतो'ची जागा 'पॉसिब्ली' भरून काढत नाही. तिथे 'इफ पॉसिबल' किंवा 'प्रेफरेबली' लागतं. 'पॉसिब्ली' ठेवायचं असेल तर वाक्य प्रश्न करून 'कुड' आणावं: 'कुड यू पॉसिब्ली सेंड अस द लॉग फाइल्स टुडे?' मोडल बदललं की या शब्दाचं काम बदलतं आणि तीन रूपं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. 'मे पॉसिब्ली' मध्ये तो खात्री कमी करतो. 'कुड यू पॉसिब्ली' मध्ये शक्यतेशी त्याचं देणंघेणं नसतं, तो फक्त विनंतीला नम्र करतो. आणि 'कान्ट पॉसिब्ली' मध्ये तो नकार टोकाला नेतो, 'कोणत्याही मार्गाने शक्य नाही'. इथे तो 'नॉट'च्या आत असूनही नकार मऊ होत नाही, उलट घट्ट होतो, कारण छोट्यात छोटी शक्यताही नाकारली जाते. मग टेस्टिंगच्या वाक्यात 'कान्ट पॉसिब्ली स्किप' का नको? अर्थ बरोबर बसेल, पण 'असं सुचवता तरी कसं' अशी धार त्याला येऊ शकते. ग्राहकाला लिहिताना 'रिअली कान्ट' पुरेसं आहे.

शेवटचं वाक्य 'विल डेफिनेटली ट्राय'. इथे 'डेफिनेटली' चिकटलं 'ट्राय'ला. हमी मिळाली ती प्रयत्नाची, काम पूर्ण होण्याची नाही. अनुभवी वाचक हे वाक्य नकाराची पूर्वतयारी म्हणून वाचतो. टीमला काम संपवायची खात्री होती, मग 'विल फिनिश' लिहायला हवं होतं आणि अट असेल तर ती शेजारीच सांगायला हवी होती. लेखी वचनात अट जोडलेलं साधं 'विल' हे अट नसलेल्या 'विल डेफिनेटली'पेक्षा अधिक विश्वासाचं वाटतं.

दुरुस्त मेल

"द अपडेट विल प्रॉबेब्ली बी रेडी बाय फ्रायडे, वुई विल कन्फर्म बाय वेन्सडे इव्हनिंग. वुई रिअली कान्ट स्किप द टेस्टिंग, इव्हन ऑन ओल्डर डिव्हायसेस. द इन्स्टॉलेशन कॅन ईझिली बी डन इन टू डेज. यू डोन्ट ऑल्वेज हॅव टु रीस्टार्ट द सर्व्हर आफ्टर अ पॅच. द रिलीज नोट विल से व्हेन यू मस्ट. यू शुड हॅव रिसीव्ड द चेकलिस्ट बाय नाऊ. इफ नॉट, प्लीज लेट अस नो. कुड यू पॉसिब्ली सेंड अस द लॉग फाइल्स टुडे? वुई विल फिनिश ऑन टाइम, प्रोव्हायडेड वुई गेट द लॉग्स टुडे."

मूळ मेलमध्ये सात वाक्यांत सात क्रियाविशेषणं मोडलच्या आसपास होती, दुरुस्त मेलमध्ये पाच आहेत. वाक्यं मात्र लांबली, कारण खात्रीचा भार आता क्रियाविशेषणावर नाही, ठोस माहितीवर आहे: बुधवारची संध्याकाळ, रिलीज नोट, लॉग मिळण्याची अट. 'प्रॉबेब्ली' शेजारी पक्कं कधी कळेल ते लिहिलं, की वाचक त्या शब्दावर अडून बसत नाही.

अशी तपासणी करताना क्रम महत्त्वाचा आहे. वाक्यातून क्रियाविशेषण तात्पुरतं काढून टाकावं आणि नुसतं मोडल काय सांगतं ते वाचावं. 'द अपडेट मे बी रेडी' एवढंच पाहिलं असतं, तर 'बहुतेक'साठी हे अपुरं आहे हे लगेच दिसलं असतं. मोडलचा कोणता अर्थ हवा तेही तिथेच ठरवावं. 'मस्ट' सक्ती आहे की अनुमान, 'मे' परवानगी आहे की शक्यता, हे ठरल्याशिवाय योग्य जोडीदार मिळत नाही. 'ऑल्वेज' आलं की 'मस्ट' बहुधा सक्ती वाटतं, 'शुअरली' आलं की अनुमान. मोडल पक्कं झाल्यावर क्रियाविशेषण परत बसवावं आणि 'नॉट'च्या डावीकडे आहे की उजवीकडे ते पाहावं. काही वेळा ते परत बसवायची गरजच उरत नाही, चेकलिस्टच्या वाक्यात तसंच झालं. प्रश्नार्थी वाक्यात 'प्रॉबेब्ली' आणि 'सर्टनली' आढळली तर थांबावं. 'विल यू प्रॉबेब्ली जॉइन द कॉल?' असं कोणी विचारत नाही. आपल्याच अंदाजाबद्दल समोरच्याला विचारता येत नाही. त्याऐवजी 'डू यू थिंक यू विल जॉइन?' विचारावं.

हाच मजकूर फोनवर सांगायचा असेल तर एक भर घालावी लागते. बोलताना 'कान्ट'मधला शेवटचा 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही, आणि 'कॅन' की 'कान्ट' हा गोंधळ दोन्ही बाजूंना होतो. तिथे क्रियाविशेषणाची जागाच मदतीला येते. होकारात ते मोडलनंतर ठेवावं, 'वुई कॅन डेफिनेटली डू इट', आणि नकारात आधी, 'वुई डेफिनेटली कान्ट डू इट'. होकारात 'कॅन' हलकं उच्चारून जोर 'डेफिनेटली'वर द्यावा, नकारात 'कान्ट'वरही पूर्ण जोर द्यावा. लाइन खराब असेल तर आकुंचित रूप सोडून 'कॅनॉट' म्हणावं. त्यातही 'डेफिनेटली' आधीच राहील.